'वजावट' नक्की कोणाच्या खिशातून?

चाफा:
गेल्या आठवड्यात बाबांच्या आरोग्य विम्याची कागदपत्रं मराठीत करून दिली. आईबाबा दोघंही बारकाईने वाचणारे, पण इंग्रजीतली ती बारीक अक्षरं त्यांना नकोशी होतात. 'डिडक्टिबल'साठी मी 'वजावट' लिहिलं. 'दाव्यातून ठरावीक वजावट' हे वाक्य बाबांनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं, तेवढी सूट मिळणार." अर्थ नेमका उलटा झाला. तेवढी रक्कम आधी आपण सोसायची आणि त्यापुढचं कंपनी बघणार. चूक बाबांची नाही. कर भरताना 'वजावट' म्हणजे आपल्या फायद्याची गोष्ट, हेच त्यांनी जन्मभर पाहिलंय. मग डिडक्टिबलला काय म्हणावं, म्हणजे घरातल्या माणसाला पहिल्याच वाचनात कळेल?

जुनी वही:
शब्दात खोट नाही. 'वजा' अरबीतून आला आणि मराठीत इतका मुरला की वजाबाकी आपण शाळेत सुरुवातीलाच शिकतो. कंपनी आपल्या देण्यातून ती रक्कम वजा करते, म्हणून वजावट. फक्त हा शब्द कंपनीच्या खुर्चीत बसून केलेला आहे. आपल्या बाजूने बघितलं तर ती वजावट नसून भार आहे. मी 'स्वभार' सुचवेन.

रातराणी:
'स्वभार' वाचून मला आधी स्वतःचं वजन आठवलं, आणि दवाखान्याच्या कागदावर तर सगळ्यांना तेच आठवेल. आम्ही घरी सरळ 'आपला वाटा' म्हणतो.

कागदवाला:
'वाटा' इथे खर्ची घालू नका, तो को-पेमेंटसाठी लागेल. दोन्ही वेगळे आहेत आणि घराघरांत गोंधळ इथेच होतो. समजा बिल 100 चं आलं, डिडक्टिबल 30 आणि को-पे 10 टक्के. पहिले 30 तुमचे. उरलेल्या 70 चे 10 टक्के, म्हणजे 7, तेही तुमचे. कंपनी देणार 63. काही पॉलिसींत हिशोबाचा क्रम वेगळा असतो, आणि डिडक्टिबल कधी वर्षातून एकदा मोजतात तर कधी दरवेळी. ते कागदातच बघावं लागतं. पण डिडक्टिबल ही उंबरठ्यासारखी ठरलेली रक्कम आहे आणि को-पे हा टक्केवारीतला वाटा, एवढा फरक शब्दातून दिसलाच पाहिजे. डिडक्टिबलला 'आधीचा खर्च' म्हणून बघा.

परिचारिका:
'आधीचा खर्च' अजिबात नको! रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्या आणि औषधं यांच्यासाठी पॉलिसीत वेगळं कलम असतं. लोक तो खर्च मागायचा सोडून देतील.

मी बरीच वर्षं वॉर्डात काढली, त्यावरून सांगते. डिडक्टिबलपेक्षा जास्त घोळ 'कॅशलेस' घालतो. एका आजोबांना मुलाने फोनवर सांगितलं होतं, "कॅशलेस आहे, काळजी करू नका." आजोबांनी खिशातून बँकेचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. त्यांच्या लेखी कॅशलेस म्हणजे नोटा नाहीत, कार्डाने द्यायचे. इतर सगळीकडे तसंच तर असतं! त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कुटुंबाला वाटत होतं की कॅशलेस म्हणजे एक पैसाही लागणार नाही. डिस्चार्जच्या वेळी हातमोजे, नोंदणी असल्या न मिळणाऱ्या खर्चांचं बिल हातात पडलं तेव्हा त्या बाई रडायला लागल्या. मी बिल हातात घेऊन त्यांच्याशेजारी बसले आणि एकेक ओळ समजावली. शब्द एकच, पण दोन घरांत दोन चुकीचे अर्थ, आणि खरा अर्थ तिसराच: मान्य झालेली रक्कम कंपनी थेट रुग्णालयाला देते, बाकीची तुम्ही.

'रोकडविरहित' केलंत तर आजोबांचीच चूक पक्की होईल.

रातराणी:
परिचारिकाताई, 'थेट भरणा' कसं वाटतं? आणि बिल आधी आपण भरून मागाहून पैसे मिळतात त्याला 'प्रतिपूर्ती' म्हणतात, ते माझ्या आईला कधीच कळलं नाही. ती 'मागाहून मिळणारे' म्हणते. 'परतावा' म्हणावं तर गुंतवणुकीचा वाटतो, 'परतफेड' म्हणावं तर कर्जाची.

परिचारिका:
'थेट भरणा' चांगला आहे. मी उद्यापासून तोंडी वापरून बघते. त्याच्या जोडीला 'पूर्वमंजुरी'कडेही बघा, म्हणजे थेट भरण्यासाठी कंपनी आधी देते ती मंजुरी. मंजुरी आली म्हटलं की नातेवाईक सुस्कारा सोडतात. पण पहिली मंजुरी बहुतेक वेळा अंदाजे खर्चाच्या काही भागाचीच असते, शेवटचा आकडा डिस्चार्जच्या वेळी ठरतो.

शुद्धलेखनप्रेमी:
चर्चा वाचून वाईट वाटलं. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि आपण अजून कॅशलेस आणि को-पे करतोय. को-पेला 'सहभरणा', विम्यातून वगळलेल्या गोष्टींना 'अपवर्जन', आधीच्या आजाराला 'पूर्वविद्यमान व्याधी' हे शब्द तयार आहेत. ते वापरायचेच नाहीत, मग रुळणार कसे? दिनांक आणि महापौर हेही एकेकाळी नवेच होते.

जुनी वही:
कोशाबद्दल मनापासून आदर आहे. पण विम्याबद्दल आणि आजाराबद्दल बोलताना आपण काय काय वापरतो ते बघा. दावा अरबी, हप्ता फारसी, मुदत अरबी, वारस अरबी. दवाखाना तिकडचाच, आणि इस्पितळ पोर्तुगीजांकडून आलं. हे सगळे काढले तर आजारी माणसाला आपण काही सांगूच शकणार नाही. 'पूर्वविद्यमान व्याधी' ऐकून घाबरणारी माणसं मी पाहिली आहेत. 'आधीपासूनचा आजार' म्हटलं की हीच माणसं आपणहून सांगतात, "हो, साखर आहे दहा वर्षांपासून." त्यांनी ते सांगणं फार गरजेचं असतं. शब्द न कळल्यामुळे ती माहिती लिहायची राहिली, तर पुढे दावाच नाकारला जाऊ शकतो.

शुद्धलेखनप्रेमी:
'आधीपासूनचा आजार' मलाही मान्य. तो मराठीच आहे. माझा विरोध इंग्रजी जसंच्या तसं उचलण्याला आहे.

कागदवाला:
'हप्ता' निघालाच आहे तर सांगतो. मूळ फारसी 'हफ्त' म्हणजे सात, त्यावरून आठवडा, आणि मग ठरावीक मुदतीने द्यायची रक्कम. पण प्रीमियमला हप्ता म्हटलं की कर्जाचा हप्ता डोळ्यापुढे येतो. माझ्या मावशीने विचारलं होतं, "अजून किती हप्ते राहिले?" तिला वाटलं, काही वर्षांनी विमा 'फिटेल'. एका वर्षी तिने नूतनीकरण केलंच नाही. नंतर नवी पॉलिसी घ्यावी लागली आणि थांबण्याची मुदत, म्हणजे काही आजारांचा खर्च मिळायला लागण्याआधीचा काळ, पुन्हा पहिल्यापासून. मी तेव्हापासून 'वार्षिक वर्गणी' म्हणतो. वर्गणी थांबली की हक्क थांबतो, हे कुणालाही सांगावं लागत नाही.

रातराणी:
'वर्गणी' फार आवडलं!

आमच्या आजीला 'दावा' नको होता. "दावा दाखल केला" ऐकून ती म्हणाली, "कोर्टात कशाला गेलात?" तिच्या बोलण्यात दावा म्हणजे खटला, नाहीतर वैर. 'दावा साधला' असं आपण म्हणतोच की.

परिचारिका:
तसंच 'निदान'. डॉक्टरांनी कागदावर 'तात्पुरते निदान' लिहिलं होतं. ते वाचून एका सुनेने मला विचारलं, "निदान म्हणजे कमीत कमी ना? म्हणजे कमीत कमी एवढा आजार आहे, अजून वाढेल?" तिची भीती खरी होती, आणि मराठीत 'निदान एवढं तरी कर' म्हणतातच. आणि 'अ‍ॅक्यूट' म्हणजे गंभीर नव्हे, अचानक उद्भवलेलं. 'क्रॉनिक' म्हणजे भयंकर नव्हे, दीर्घकाळ चालणारं. 'तीव्र' लिहिलं की नातेवाईकांचे चेहरे उतरतात. मला 'अचानकचा' आणि 'जुना' पुरतात.

जुनी वही:
उतरण्यावरून आठवलं. विमा 'उतरवतात' असं का म्हणतात? माझा समज असा की डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर उतरवायचं, म्हणून. 'विमा' शब्दाचं नातं काही जण फारसीतल्या 'बीम' म्हणजे भीती याच्याशी जोडतात. म्हणजे भीती उतरवणं!

कागदवाला:
मला ते 'वहीत उतरवणं' वाटतं. इंग्रजीतला 'अंडररायटर' कराराखाली सही करणारा म्हणून अंडररायटर. आपलं उतरवणंही लिहिण्यातलंच असावं.

जुनी वही:
मग 'विमा काढणे' कुठून आलं? ओझंच बरोबर आहे.

चाफा:
मधल्या काळात मी बाबांच्या कागदावर 'वजावट' खोडून 'आधी आपण' एवढंच लिहिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "दरवेळी, की वर्षातून एकदा?" हे मूळ कागदात इतकं आडवळणाने लिहिलंय की मी तीनदा वाचतेय.

शुद्धलेखनप्रेमी:
'आधी आपण' हा शब्द नव्हे, वाक्याचा तुकडा आहे. कोशात कसा घालणार?

कागदवाला:
चाफा, 'प्रतिवर्ष' की 'प्रत्येक दाखल्यामागे' ते शोधा. नाही, 'दाखला' नको, बाबा प्रमाणपत्र मागत बसतील. 'प्रत्येक भरतीमागे'?

शुद्धलेखनप्रेमी:
भरती सैन्यात होते आणि समुद्राला येते. माणूस रुग्णालयात दाखल होतो.

परिचारिका:
आमच्याकडे सगळे भरतीच म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं.