बोलण्यावरून अमेरिकन माणसाचं गाव ओळखता येतं का?

स्वरवेडा (धागाकर्ता)

अमेरिकन माणूस पाच मिनिटं मोकळेपणाने बोलला की तो कुठला हे सांगता येतं, असं माझं मत आहे. सांगणारे तोंडघशी पडतात ते भलत्याच गोष्टी ऐकतात म्हणून. कोणी 'र' जरा जास्त घोळवला की आपल्याकडे लगेच 'टेक्ससचा दिसतोय' होतं. तसा 'र' जवळपास सगळी अमेरिका घोळवते. 'वॉटर'चं 'वॉडर' होणंही देशभर चालतं. त्यावरून काही कळत नाही.

कान द्यायचा तो ठरावीक शब्दांतल्या स्वरांकडे. आधी बघा, 'कार', 'पार्क', 'फोर्थ' यांतला 'र' गळतो का. मग बघा कॉट आणि कॉट, म्हणजे खाट आणि 'पकडलं'. आपण दोन्ही एकसारखेच लिहितो, त्यामुळे मराठी कानाला इथे मुद्दाम सवय लावावी लागते. जे वेगळे म्हणतात त्यांची खाट 'काट'कडे झुकते आणि 'पकडलं' ओठ गोल करून येतं. आता दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. 'र' गळतो आणि कॉट-कॉट एकच, तर बॉस्टन किंवा त्याच्या उत्तरेला मेन हे राज्य. 'र' गळतो पण दोन्ही वेगळे, तर प्रॉव्हिडन्स किंवा न्यू यॉर्क. बॉस्टन आणि प्रॉव्हिडन्समध्ये जेमतेम ८० किलोमीटर आहेत!

तिसरी खूण मराठी माणसाला सर्वांत सोपी: 'पेन'चं 'पिन' होतं का? दक्षिणेत न आणि म यांच्या आधी ए-चा इ होतो. 'टेन' 'टिन'सारखा येतो. म्हणून तिथे लिहायचं पेन हवं असेल तर 'इंक पेन' असं स्पष्ट करायची पद्धत आहे.

खडूस

मथळ्यात 'गाव', उत्तरात 'पट्टा'. कॉट-कॉट एकच म्हणणारे डेन्व्हरला आहेत, सिॲटलला आहेत, फीनिक्सला आहेत, पिट्सबर्गलाही आहेत. अर्धा देश एका खुणेत येत असेल तर ती खूण कसली?

आणि 'पेन-पिन' म्हणजे दक्षिण हे समीकरण लगेच मोडतं. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डच्या आसपास ते ऐकू येतं, कारण १९३०च्या दशकात ओक्लाहोमा-टेक्ससकडून धुळीच्या वादळांनी आणि मंदीने उठलेली कुटुंबं तिथल्या शेतांवर आली. शिकागो आणि डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतही ते आहे, दक्षिणेतून आलेल्या पिढ्यांबरोबर गेलेलं. म्हणजे तुमच्या खुणेवरून कळतं ते आजोबांचं गाव. नातवाचं नाही.

आता आकडा घ्या. सिंथिया क्लॉपर आणि डेव्हिड पिसोनी यांच्या २००४च्या प्रयोगात ऐकणाऱ्यांना सहा प्रदेशांतून एक निवडायचा होता. ऐकणारे स्वतः अमेरिकन. बरोबर उत्तरं सुमारे ३० टक्के. डोळे मिटून बोट ठेवलं तरी १७ टक्के येतात. त्यांना धडपणे वेगळे करता आले ते तीनच ढीग: न्यू इंग्लंड (म्हणजे बॉस्टनसकट ईशान्य कोपरा), दक्षिण, आणि उरलेला मध्य नि पश्चिम मिळून एक.

स्वरवेडा

त्या प्रयोगातले श्रोते अप्रशिक्षित विद्यार्थी होते. कुठला शब्द धरायचा हे कोणी सांगितलंच नाही तर ३० टक्केच येणार. ती वाक्यं बघा: एकात 'ग्रीसी' हा शब्द होता. दक्षिणेत तो 'ग्रीझी' होतो. हे ज्याला माहीत आहे तो त्या एका शब्दावर दक्षिणेचा ढीग बाजूला काढेल. शिवाय त्याच संशोधकांना हेही दिसलं की अनेक राज्यांत राहिलेल्यांचे कान एकाच जागी राहिलेल्यांपेक्षा बरे चालतात. म्हणजे हे शिकता येतं.

बेकर्सफील्डचा मुद्दा मान्य. चांगला धरलात.

शब्दकोडे

स्वरांत कशाला शिरता? शब्द विचारा. न्यू यॉर्क टाइम्सची २०१३च्या डिसेंबरमधली प्रश्नावली आठवा. २५ प्रश्न, हार्वर्डच्या जुन्या बोली-पाहणीवर बेतलेले, आणि उत्तरात थेट नकाशावरची शहरं. पाणी प्यायच्या सार्वजनिक नळाला 'बबलर' म्हणतो, तर मिलवॉकीची बाजू किंवा ऱ्होड आयलंड. फुटपाथ आणि रस्ता यांच्या मधल्या गवताच्या पट्टीला 'डेव्हिल स्ट्रिप' म्हणतो, तर ओहायोतलं ॲक्रन. दुसरीकडे हा शब्द सहसा मिळत नाही. महामार्गाच्या आकड्याआधी 'द' लावून 'द फोर-ओ-फाइव्ह' म्हणतो, तर दक्षिण कॅलिफोर्निया. रांगेत उभं राहण्याला 'इन लाइन'ऐवजी 'ऑन लाइन' म्हणतो, तर न्यू यॉर्क. आपणही 'करून राहिला' ऐकलं की नागपूरची बाजू म्हणतो. स्वर मोजत बसत नाही.

स्वरवेडा

शब्द उचलता येतो आणि टाकताही येतो. मिलवॉकीत नोकरीला गेलेला माणूस आठवड्यात 'बबलर' म्हणायला लागतो.

याउलट फिलाडेल्फियाचा ॲ घ्या. तिथे 'मॅड', 'बॅड', 'ग्लॅड' हे तीन शब्द ताणून, जवळजवळ 'एअ' असे येतात, पण 'सॅड' आणि 'डॅड' साधे राहतात. यामागे 'ड'चा नियम शोधू नका, नाही. तीन शब्द पाठ, बाकीचे मोकळे. आर्व्हिला पेन यांनी फिलाडेल्फियाजवळच्या किंग ऑफ प्रशा या उपनगरात बाहेरून आलेल्या कुटुंबांतली मुलं तपासली. इतर बरंच त्यांनी उचललं होतं, पण ज्यांचे आईवडील बाहेरचे त्यांना ही ॲ-ची वाटणी पूर्ण जमली नव्हती. लहानपणी येऊनसुद्धा. इतकी चिवट खूण थंड पेयाला 'सोडा' म्हणतो की 'पॉप' यातून मिळत नाही.

वाटसरू

काही सापळे, दोन्ही पक्षांसाठी.

न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या कामगार वस्त्यांतली बोली ब्रुकलिनसारखी वाटते. दक्षिणी सुराची वाट बघत बसलात तर हमखास न्यू यॉर्क सांगाल. 'बॅग'चं 'बेग' मिनेसोटा-विस्कॉन्सिनला होतं आणि सिॲटललाही. सेंट लुईसचा म्हातारा महामार्ग ४४ला 'फार्टी-फार' म्हणतो. त्याचा नातू म्हणत नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या ओक्राकोक बेटावरचे जुने लोक पाहुण्यांना थेट इंग्लंडचे वाटतात.

खडूस

'नातू म्हणत नाही' हेच तर सांगतोय. बफेलो, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, शिकागो, मिलवॉकी हा ग्रेट लेक्स सरोवरांकाठचा पट्टा एकेकाळी पाठ्यपुस्तकातलं उदाहरण होता. 'ब्लॉक' म्हणाला की बाहेरच्याला 'ब्लॅक' ऐकू यायचं आणि 'बॅड' वर सरकून 'बिअड'कडे जायचं. भाषाशास्त्रज्ञ लबोव्ह, ॲश आणि बोबर्ग यांच्या २००६च्या उच्चारांच्या ॲटलासमध्ये हा पट्टा ठसठशीत दिसतो. त्यानंतर सिरॅक्यूज, लॅन्सिंग, शिकागो, जिथे जिथे तरुणांना तपासलं तिथे ते स्वर माघारी फिरताना दिसले. पंचविशीतल्या माणसाला हा नकाशा लावाल तर क्लीव्हलंडचा पोरगा तुम्हाला कोलोरॅडोचा वाटेल.

त्यात पुण्यात कॉल सेंटरमध्ये बसून हेडफोनवर अंदाज करणारे वेगळेच. साध्या फोनवर ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० हर्ट्झच्या वरचं कापलं जातं. 'स' आणि 'फ' पुसट होतात आणि 'ई'-'ऊ'सारख्या स्वरांचा तळ छाटला जातो.

स्वरवेडा

तुम्ही ज्याचा दाखला देताय तो ॲटलासच फोनवरच्या मुलाखतींतून झालाय. कॉट-कॉटला ३०० हर्ट्झच्या खालचं काही लागत नाही.

वयाचं मान्य. साठीच्या पुढे नेम बरा लागतो.

खडूस

आणि त्या मुलाखतींसाठी माणसं निवडताना ती त्याच गावात वाढलेली हवीत, ही अट होती. तुमच्या फोनवरचा ग्राहक अशी चाळणी लागून येत नाही.

कायदेपंडित

दोघांनाही एक खटला सांगतो. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिस विमानतळावरच्या पॅन ॲम या विमान कंपनीच्या एका कर्मचाऱ्यावर फोनवरून बॉम्बच्या धमक्या दिल्याचा आरोप आला. तो न्यू यॉर्कचा. ध्वनिफीत ऐकणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कानांना 'पूर्वेकडचा सूर' इतकंच कळलं आणि संशय याच्यावर गेला. विल्यम लबोव्ह यांनी साक्षीत दाखवलं की धमकी देणारा 'बॉम्ब' आणि 'ऑफ' यांत एकच स्वर म्हणतो. न्यू यॉर्करच्या तोंडी ते दोन वेगळे स्वर असतात. धमकी देणारा पूर्व न्यू इंग्लंडचा, बॉस्टनच्या बाजूचा. आरोपी सुटला.

नीट बघा, खरा गुन्हेगार कोण हे त्या साक्षीतून कळलं नाही. हा माणूस तो नव्हे, एवढंच कळलं. ही पद्धत वगळायला फार चांगली आहे, नेमकं सांगायला तितकी नाही.

उंबरठा

या खेळाची दुसरी बाजू कोणी मांडली नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉन बॉ आणि सहकाऱ्यांच्या १९९९च्या अभ्यासात एकाच माणसाने सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या घरमालकांना तीन ढंगांत फोन केले: कृष्णवर्णीय बोली, मेक्सिकन वळणाची बोली आणि प्रमाण इंग्रजी. वाक्य तेच. गोऱ्या वस्तीत पहिल्या दोन ढंगांना घर बघायला बोलावणं खूपच कमी आलं. नुसत्या 'हॅलो'वरून ऐकणारे ७० टक्क्यांहून जास्त वेळा ढंग ओळखत होते. घरभाड्यातला वंशभेद १९६८पासून बेकायदा आहे, पण फोन न उचलणं सिद्ध कसं करणार?

खडूस

म्हणजे वंश 'हॅलो'त कळतो आणि गाव पाच मिनिटांतही नाही. माझ्याच बाजूचा पुरावा.

उंबरठा

कोणाच्या बाजूचा म्हणून दिला नव्हता.

वाटसरू

ज्यांना करूनच बघायचंय त्यांच्यासाठी: शब्दांची यादी वाचायला देऊ नका. समोर शब्द आला की माणूस स्पेलिंगप्रमाणे जपून बोलतो आणि एरवी एक असलेले स्वर वेगळे काढून दाखवतो. पहाट या अर्थाचा 'डॉन' आणि पुरुषाचं नाव 'डॉन' हे बोलण्याच्या ओघात येऊ द्या, मग विचारा, 'हे दोन सारखे वाटतात का?' काही जण दोन्ही किंचित वेगळे उच्चारतात आणि तरी 'सारखेच' म्हणतात. असं उत्तर आलं तर ती जोडी सोडून पुढची घ्या. मेरी हे नाव, लग्न करणं आणि आनंदी या अर्थांचे तीन शब्द पुढे करा. देशात बहुतेक ठिकाणी तिन्ही एक झालेत. न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टनच्या जुन्या पिढीत तिन्ही वेगळे राहिले.

शब्दकोडे

मग ओहायोचा माणूस कसा ओळखायचा? त्यांना तर काही उच्चारच नाही म्हणतात.

स्वरवेडा

ओहायो हे एकक धरलं की चुकलंच. क्लीव्हलंड सरोवरांच्या पट्ट्यात, कोलंबस मधल्या पट्ट्यात, आणि ओहायो नदीकाठी दक्षिणेचा वारा लागतो. 'ऑन' हा शब्द ऐका. क्लीव्हलंडला तो माणसाच्या 'डॉन'शी जुळतो, कोलंबसला पहाटेच्या. तेवढ्याने जमलं नाही तर गाडी धुवायची आहे हे कसं म्हणतो बघा. 'द कार नीड्स वॉश्ड', मधलं 'टू बी' गायब, तर क्लीव्हलंड सोडा आणि कोलंबस ते पिट्सबर्ग या बाजूला शोधा.

खडूस

'या बाजूला'. गाव सापडलं की कळवा.