घोडबंदर रोडला पोळी-भाजी केंद्र: गाळ्याचं टोकन देण्याआधी हिशोब तपासून द्याल का?

मानपाडा_डबा:
वहिनी आणि मी मिळून ठाण्यात मानपाड्याजवळ पोळी-भाजी केंद्र काढतोय. सगळा भर दुपारच्या डब्यांवर, गिऱ्हाईक मुख्यतः वागळे इस्टेटमधली ऑफिसं. २०० चौरस फुटांचा गाळा बघितलाय. भाडं २८,०००, डिपॉझिट दीड लाख, करार ११ महिन्यांचा.

हातात ६ लाख आहेत. डिपॉझिट दीड, भांडी-शेगड्या-फ्रीज अडीच, ओटा-फरशी-रंग-बोर्ड दीड. म्हणजे ५० हजार उरतात. डबा ९० रुपयांना (४ पोळ्या, भाजी, आमटी, भात), माल ३८ रुपयांचा. दोन पोळीवाल्या मावशी आणि डिलिव्हरीचा एक मुलगा मिळून पगार ४३,०००, लाइट बिल आणि किरकोळ ९,०००. रोज ६० डबे, महिन्याचे २६ दिवस धरले तर खर्च सुटतो. रविवारी टोकन द्यायचंय. काही चुकतंय का?

जमाखर्च:
चुकतंय, आणि तेही सगळ्यात महत्त्वाच्या जागी. टोकन आधी थांबवा.

तुम्ही ९० मधून ३८ वजा करून डब्यामागे ५२ रुपये सुटतात असं धरलंय. पण डब्याबरोबर वाढणारा खर्च फक्त मालाचा नसतो. गॅस ५, पॅकिंग ८, आणि उरलेलं-सांडलेलं-जास्त वाढलेलं मिळून ४ रुपये तरी धरा. डबा ५५ ला पडला, हातात राहिले ३५. तुमचा ठोक खर्च (डबे कितीही गेले तरी होणारा) २८,००० + ४३,००० + ९,००० = ८०,०००. त्याला ३५ ने भागा: महिन्याला २,२८६ डबे, म्हणजे रोज ८८. साठ डब्यांवर १,५६० × ३५ = ५४,६०० येतील, म्हणजे दरमहा २५,४०० खिशातून जातील.

शिवाय तुम्हा दोघींच्या कष्टाचा एक रुपयाही यात नाही. दोघींचे मिळून फक्त २५,००० धरले तरी रोजचे ११६ डबे लागतात. घरचं माणूस फुकट राबतं असं धरून मांडलेला धंदा कागदावर नफ्यात दिसतो आणि वर्षभरात माणसं थकतात.

आणि पहिल्या दिवशी ६० डबे जात नाहीत. ३० गेले तर महिन्याची तूट ५२,७००. तुमचे शिल्लक ५० हजार पहिल्याच महिन्यात संपले. धंदा विक्री नाही म्हणून बुडण्याआधी रोकड संपते म्हणून बंद पडतो. सजावट आणि यंत्रं यांत सगळं भांडवल अडकवू नका. निदान सहा महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला ठेवूनच उरलेल्या पैशात दुकान बसवा. तुमच्या आकड्यांत ते ४,२६,००० होतात. म्हणजे ६ लाखांत हा गाळा बसत नाही.

पाचपाखाडीकर:
वरचा हिशोब बरोबर. मी गाळ्याचं बोलतो.

अकरा महिन्यांच्या करारावर दीड लाखाचा ओटा-फरशी करू नका. दीड लाख भागिले ११ म्हणजे महिन्याला साधारण १३,६००. तुमचं खरं भाडं २८,००० नाही, ४१,६०० आहे. बाराव्या महिन्यात मालकाने भाडं वाढवलं तर तुम्ही ओटा उचलून नेऊ शकत नाही. ३६ महिन्यांचा करार मागा, लॉक-इन (ठराविक काळ करार मोडता न येणं) मालकावरही असू द्या, आणि सामान बसवायला पहिला महिना बिनभाड्याचा मागा. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के मानीव (कागदोपत्री धरलेलं) व्याज यांच्या ०.२५ टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत ३६ महिन्यांचे २,७०० च्या आत, वर नोंदणी फी १,०००. एवढे वाचवायला नोटरीवर भागवू नका.

टोकनआधी महावितरणचं शेवटचं बिल मागून घ्या. तीन गोष्टी बघा: थकबाकी, दर संकेत (बिलावरचा वापराचा प्रकार) व्यावसायिक आहे का, आणि मंजूर भार (किती किलोवॅटची परवानगी आहे). कणीक मळायचं यंत्र, मिक्सर, डीप फ्रीज, एक्झॉस्ट, गिझर मिळून ५ किलोवॅटच्या आसपास जातं. मंजूर भार २ असेल तर वाढवून घ्यायचा खर्च कोणाचा, हे करारात लिहा. मीटर घरगुती असेल तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

आता धूर. खाण्याच्या धंद्याचे गाळे बंद पडतात ते बहुतेक इथेच. फोडणीचा ठसका वरच्या मजल्यावर गेला की सोसायटीत तक्रार ठरलेली. डक्ट (धुराची नळी) गच्चीपर्यंत न्यायची लेखी परवानगी सोसायटीकडून टोकनआधी घ्या, मालकाच्या तोंडी शब्दावर नको. सांडपाण्याच्या लाइनला तेल अडवणारा ट्रॅप बसवायला जागा आहे का तेही बघा. गॅस १९ किलोचा व्यावसायिकच, घरचा १४.२ किलोचा वापरू नका. आणि बोर्ड मराठीत, देवनागरीत, दुसऱ्या भाषेहून अक्षर लहान नको.

मानपाडा_डबा:
खूप आभार, ८८ चा आकडा बघून पोटात गोळा आला. दोन प्रश्न. एक कंपनी रोज ४० डबे घेते म्हणते, पण पैसे महिनाअखेरीच्या बिलावर १५ दिवसांनी. आणि घरपोच जेवणाच्या ॲपवर टाकू का?

कोपरखैरणे_किचन:
४० × ९० × २६ = ९३,६००. पहिला चेक हातात येईपर्यंत दीड महिना जातो, त्यामुळे प्रत्यक्षात तुमचे १,४०,००० त्यांच्याकडे अडकलेले असतील, आणि मावशींचा पगार व भाजीवाला मात्र थांबणार नाही. पंधरवड्याचं बिल किंवा एका आठवड्याची आगाऊ रक्कम मागा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच करून ठेवा, ती पूर्ण मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

ॲपने समजा २५ टक्के कापले तर ९० मधले २२.५० गेले, ३५ चे साडेबारा उरले. ॲपचा दर वेगळा लावा नाहीतर नका टाकू.

डिलिव्हरी एका मुलाची धरलीय ते जमणार नाही. बारा ते दीडमध्ये मानपाड्याहून वागळेला जाऊन, दोन-तीन इमारतींत वाटून एकजण २५-३० डबे पोचवेल. साठला दोघं लागतात, म्हणजे ८८ चा आकडा आणखी वर जातो.

भाजीसाठी रोज वाशीच्या एपीएमसीत (घाऊक बाजारात) जायचा मोह टाळा. ६० डब्यांना १२-१४ किलो भाजी लागते, घाऊकात गोणीने घेतली तर निम्मी सुकते. तांदूळ-डाळ-तेल मात्र महिन्याचं एकदम दाणाबंदरातून, म्हणजे घाऊक धान्यबाजारातून.

जमाखर्च:
यावरून माझा सल्ला: गाळा आता नको. अन्न परवान्याची नोंदणी घरच्या पत्त्यावर करा (१४ आकडी क्रमांक येतो) आणि चार आठवडे एकाच इमारतीला २० डबे द्या. रोज वहीत तीन आकडे: किती डबे गेले, किती उरलं, हातात किती आले. भाजी ठराविक मापाच्या डावाने वाढा. १२० ग्रॅमऐवजी १५० गेली तर भाजीचा खर्च २५ टक्क्यांनी वाढतो आणि वहीत कुठे दिसत नाही. पोळ्या जाळीवर वाफ जाऊ देऊनच डब्यात भरा, दुपारी ओल्या पोळीची तक्रार आली की ते ऑफिस परत मागवत नाही. चार आठवड्यांनी डब्यामागचे खरे रुपये इथे टाका, मग गाळ्याचं भाडं किती झेपेल ते काढून देतो.