एकाच कवटीचा निर्देशांक दोघांचा वेगळा का?

गोदाकाठ, नाशिक
प्रॅक्टिकलची एकच कवटी दोघांनी मोजली. रुंदी दोघांचीही १३८ मिमी, पण लांबी एकाची १७५, दुसऱ्याची १७१. निर्देशांक (रुंदी भागिले लांबी, गुणिले १००) आला ७८.९ आणि ८०.७. म्हणजे एका वहीत मध्यम डोकं, दुसरीत रुंद! शिवाय कपाळावर मधोमध उभी शिवण, म्हणजे हाडांमधल्या सांध्याची रेघ, आहे. लहान मुलाची कवटी समजायची का?

कॅलिपरवाला
१७१ वाल्याने मागचं टोक बहुधा इनियनच्या, म्हणजे डोक्यामागे खाली मधोमध असलेल्या, उंचवट्यावर टेकवलंय. लांबीचा मागचा बिंदू ठरलेला नसतो, शोधावा लागतो. वाकड्या पायांचा कॅलिपर घ्या. एक टोक ग्लॅबेलावर, म्हणजे भुवयांमधल्या फुगवट्यावर, बोटाने धरून ठेवा. दुसरं मधल्या रेषेतच वर-खाली फिरवा. सगळ्यात मोठा आकडा तीच लांबी. रुंदीही अशीच, फक्त कानामागच्या कंगोऱ्यावर टोक चढू देऊ नका. दर वेळी कॅलिपर पूर्ण काढून तीनदा मोजा, आधीचा आकडा झाकून.
आणि डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून कवटी उचलू नका. तिथलं आतलं हाड कागदाइतकं पातळ असतं.

शिवणकाम
शिवणीवरून मूल ठरवू नका. कपाळावरची ती मेटोपिक शिवण. सहसा ३ ते ९ महिन्यांत बुजते, काहींची जन्मभर राहते. कवटी उलटी करा: महाछिद्राच्या (मज्जारज्जू जातो त्या तळाच्या मोठ्या भोकाच्या) पुढे ऑक्सिपिटल (मागचं हाड) आणि स्फेनॉइड (तळाचं मधलं हाड) यांच्यामधला कूर्चेचा सांधा किशोरवयात हाडाचा होतो, मुलींचा आधी. तो पक्का जुळला असेल तर मूल नाही. दातही बघा. माथ्यावरच्या शिवणी किती बुजल्यात त्यावरून तिशी की पन्नाशी हे सांगणं मात्र बेभरवशाचं.
बाळाची पुढची टाळू दीडेक वर्षात भरते, शिवणी तरी मोकळ्याच राहतात. मेंदू आतून रेटतो, हाड शिवणीच्या कडांवर वाढतं. माथ्यावरची पुढून मागे जाणारी मधली लांब सॅजिटल शिवण वेळेआधी जुळली तर रुंदी खुंटते, डोकं लांबोडकं होतं आणि निर्देशांक खाली येतो. म्हणून मध्यम की रुंद हा गट लिहिण्याआधी ती तपासा.

गोदाकाठ, नाशिक
इनियनच होता, आता दोघांचेही १७५. कवटीच्या आतलं घनफळ मोहरीने काढलं तर चालेल?

कॅलिपरवाला
कवटी भक्कम असेल तर चालेल. रविवार कारंज्यावरून बारीक, एकसारखी मोहरी आणा. खोबणीतली आणि तळाची बारीक भोकं कापसाने बुजवा, महाछिद्रातून भरा, हलवून दाबून बसवा, मग मोजपात्रात ओता. तिथेही तितकीच हलवा, नाहीतर सैल मोहरी घनफळ फुगवते. मध्य प्रदेशात हथनोऱ्याला १९८२ मध्ये सापडलेली नर्मदेची कवटी (आदिमानवाचा जीवाश्म) अर्धवट आहे, तिला ही युक्ती लागू नाही.