एससीएल युनिकॉर्न (बीबीसी मायक्रो): सप्लायमधले कपॅसिटर तडकलेत, वीज द्यावी का?

परळकर_८बिट
चोर बाजारातून एससीएल युनिकॉर्न घेतलाय, म्हणजे बीबीसी मायक्रो या जुन्या ८-बिट कॉम्प्युटरची भारतात बनलेली आवृत्ती. १९८४-८५च्या 'क्लास' या संगणक-साक्षरता योजनेत शाळांना दिले होते त्यांतला दिसतो. अजून वीज दिलेली नाही. पॉवर सप्लायचा डबा उघडला तर दोन पिवळसर पारदर्शक कपॅसिटर, दोघांनाही केसासारख्या भेगा. एकदा लावून बघू का? बदलायचे तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेमकं काय मागायचं? आणि घरच्या टीव्हीला एचडीएमआय आणि पिवळं-पांढरं-लाल एवढंच आहे, त्यावर चित्र येईल?

सोल्डरधूर
लावू नका. ते रिफा कंपनीचे, आत धातूचा मुलामा दिलेला कागद. वरचं एपॉक्सी तडकतं, भेगेतून दमट हवा कागदात मुरते आणि २३० व्होल्ट मिळाले की थोड्याच वेळात फट्. मुंबईच्या हवेत तर हे ठरलेलंच. गंमत म्हणजे त्यानंतरही मशीन बहुधा चालू राहतं, कारण हे दोघं मेन्सच्या दोन तारांमध्ये नुसते गाळणीसारखे बसलेत. वास मात्र घरभर, आणि चिकट थर खरवडत बसावं लागतं.

त्या दोघांपैकी सी१ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, सी२ म्हणजे ०.०१. काउंटरवर नुसतं 'पॉइंट वन' म्हणालात तर साधा ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर हातात ठेवतील. तो मेन्सवर चालत नाही, शॉर्ट झाला तर पेटतो. अंगावर 'एक्स२' (मेन्सवर चालणारी जात) आणि २७५ व्होल्ट एसी छापलेलाच घ्या. पायांमधलं अंतर आधी पट्टीने मोजून न्या. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात.

सोबत सी९ हा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदला: २२० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट. २५ व्होल्टचा, १०५ डिग्रीचा मिळाला तर उत्तम. हा सुकला की सप्लाय उशिरा सुरू होतो किंवा होतच नाही.

डब्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावर मीटरवर शून्य दिसेपर्यंत बोटं बाहेर.

गिरगाव_६५०२
माझ्या मते डबा उघडलाच आहे तर सगळेच इलेक्ट्रोलायटिक बदलावेत.

सोल्डरधूर
पटत नाही. चाळीस वर्षांच्या पीसीबीवर जितकं जास्त डिसोल्डर कराल तितके ट्रॅक (तांब्याच्या रेषा) उचलले जातात. फुगलेला किंवा गळलेला असेल तोच काढा.

बोर्डाला जोडण्याआधी सप्लाय एकटा तपासा. त्याच्या लाल-काळ्या तारांच्या जोडीवर ४.७ ओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लोड म्हणून लावा. लोड नसेल तर रीडिंगवर विश्वास ठेवू नका. मेन्सच्या वाटेत सिरीज बल्ब, ६० वॉटचा फिलामेंटवाला; एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. लाल तारेवर ५ व्होल्ट, जांभळीवर उणे ५.

गिरगाव_६५०२
चित्राचं मी सांगतो. मागे 'व्हिडिओ' लिहिलेलं बीएनसी सॉकेट आहे. सीसीटीव्हीवाल्यांकडे बीएनसी-टू-आरसीए जोडणी मागा, आणि सरळ टीव्हीच्या पिवळ्या भोकात. चित्र कृष्णधवल येईल, तो बिघाड नव्हे. रंग हवा तर बोर्डावरची एस३९ लिंक जोडावी लागते, पण मग ८० कॉलमची (एका ओळीत ८०) अक्षरं फिसकटतात. मी तरी जोडणार नाही.

परळकर_८बिट
तिन्ही कपॅसिटर बदलले. लोडवर ५.०३ व्होल्ट. बोर्ड जोडला तर 'बूऽऽऽ' सुरू होतं ते थांबतच नाही. पडद्यावर काही नाही.

गिरगाव_६५०२
साउंड चिप वीज मिळताच आपोआप सूर धरते. ऑपरेटिंग सिस्टिम जागी झाली की ती तो बंद करते आणि मग छोटा 'बीप' येतो. म्हणजे तुमचा प्रोसेसर तिथवर पोचतच नाहीये.

आधी ५ व्होल्ट सप्लायपाशी नाही, ६५०२च्या (प्रोसेसर चिपच्या) पायांवर मोजा: पिन ८ आणि पिन २१च्या मध्ये. ४.७५च्या खाली असेल तर लाल-काळ्या तारांचे स्पेड कनेक्टर गंजलेत, काढून घासा. मग पिन ४०, रीसेट: चालू केल्यावर वर जाऊन तिथेच राहिली पाहिजे. पिन ७ वर मीटरने मधलं काहीतरी व्होल्टेज दिसलं तर प्रोसेसर हलतोय. ठाम शून्य किंवा ठाम पाच असेल तर अडकलाय.

हे सगळं ठीक असेल तर सॉकेट बघा. खाऱ्या हवेने चिपचे पाय काळे पडतात. आयसी५१ (ऑपरेटिंग सिस्टिमचा रॉम) दोन्ही टोकांकडून आळीपाळीने, थोडी थोडी उचला. एकाच बाजूने उचकटलीत तर पाय मोडलाच समजा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, खाच आधीच्याच दिशेला ठेवून बसवा.

परळकर_८बिट
पिन ८ वर ४.९६. आयसी५१ पुसून बसवली. आता बीप येतो, 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' दिसतं आणि खाली 'लँग्वेज?'

गिरगाव_६५०२
३२के म्हणतोय म्हणजे दोन्ही रॅम बँका त्याला दिसल्या. 'लँग्वेज?' म्हणजे बेसिक या प्रोग्रामिंग भाषेचा रॉम सापडत नाही. तोच उपचार आता आयसी५२ला.