मेल उंबरठ्यावर थांबतात का?

नेरुळकरीण
गेल्या रविवारी नेरुळला सोसायटीच्या ऑफिसात आपली कॉम्प्युटरवाल्यांची बैठक होती. तिथे घडलेली एक गोष्ट मला अजून टोचतेय, म्हणून मांडते. आमच्या मजल्यावरच्या मावशी पहिल्यांदाच आल्या होत्या. बाहेर पाऊस, म्हणून मुलाने दिलेला जुना लॅपटॉप पदराखाली धरून आणलेला. आपलं एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डाचं पुराण चालू होतं तोवर अर्धा तास गप्प बसल्या आणि मग विचारलं, "मी रात्री कॉम्प्युटर बंद करते. तेवढ्यात मेल आला तर तो जातो कुठे?"

एकजण म्हणाला, "मावशी, उंबरठ्यावर थांबतो. सकाळी दार उघडलं की आत येतो." दुसऱ्याने जोडलं, "म्हणून आम्ही रात्री बाहेरचा दिवा लावून ठेवतो." खोलीभर हशा. मावशीही हसल्या. पण त्यांनी झाकण हळूच मिटलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि बैठक संपेपर्यंत ते पुन्हा उघडलं नाही. मी शेजारीच बसले होते.

फिरकी घेऊ नका असं मी म्हणत नाही. फिरकीसोबत खरं उत्तरही द्या, एवढंच मागते. आणि प्रश्न बावळट नव्हताच. मेल येतो तो सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या कायम चालू असलेल्या कॉम्प्युटरवर, आपला कॉम्प्युटर चालू असो की बंद. पण पूर्वी पीओपी पद्धतीने मेल उतरवून घेतला की सर्व्हरवरचा बहुधा पुसला जायचा, आणि मग तो खरोखर त्या एका मशीनमध्येच राहायचा. मावशींच्या डोक्यात तेच चित्र होतं. ते चित्र बदलायला दोन मिनिटं लागली असती.

गोखले_रोड
उंबरठ्याचं उत्तर माझं. ताई, तुम्ही नाव घेतलं नाहीत, मीच सांगतो. आणि ते मी मागे घेणार नाही, कारण ते खोटं नव्हतं. मेल पाठवण्याचे नियम २००८ मध्ये नव्याने लिहिले गेले, आरएफसी ५३२१. आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं ते सांगणारे क्रमांक दिलेले कागद. समोरचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणाऱ्या सर्व्हरने मेल रांगेत ठेवावा आणि साधारण चार-पाच दिवस तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, असं त्यात सांगितलंय. याला उंबरठा नाही तर काय म्हणायचं?

बावीस वर्षं ठाण्यात दुरुस्तीचं काम करतोय. "मॉनिटर बदलला तर माझे फोटो जातील का" हा प्रश्न दिवसातून एकदा तरी येतोच. मी चिडत नाही, हसतो. न हसता संध्याकाळपर्यंत दुकानात उभं राहून दाखवा. शिवाय हसवून सांगितलेलं माणूस विसरत नाही. एका आजोबांनी रॅम आणि हार्ड डिस्कमधला फरक विचारला होता. म्हटलं, हार्ड डिस्क म्हणजे फडताळ, रॅम म्हणजे ओटा. ओट्यावर मावेल तेवढाच पसारा एका वेळी काढता येतो, आणि लाइट गेली की ओटा आपोआप साफ, फडताळ जसंच्या तसं. आजोबा अजून रस्त्यात भेटले की "आमचा ओटा वाढवून द्या" म्हणतात. व्याख्या सांगितली असती तर दुकानाच्या पायरीवरच विसरले असते.

ऐरोलीकर
ओट्याचं उत्तर मला आवडलं, कारण त्यात उत्तर आहे. पण सगळ्या फिरक्या अशा नसतात.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. डिस्क भरली, तेव्हा जागा कशी करू म्हणून एका जाणकाराला विचारलं. त्याने टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, टाकायची एक ओळ पाठवली, सोबत "एकदम मोकळं होईल" असा शेरा. आरएम, म्हणजे पुसायची आज्ञा, मग आर आणि एफ, आणि शेवटी ते वळणदार चिन्ह, टिल्ड. आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. एफ म्हणजे मला काही विचारू नको. आणि टिल्ड म्हणजे माझं स्वतःचं होम फोल्डर, जिथे माझ्या सगळ्या फाइली. हे सगळं आज सांगता येतंय. तेव्हा एंटर मारला आणि पडद्यावर काहीच दिसलं नाही. ती आज्ञा काही बोलतच नाही. मी चहा घेऊन आलो तोवर प्रोजेक्टचा अहवाल गेला होता, गावच्या जुन्या घराचे फोटो गेले होते. घर नंतर पाडलं. बॅकअप नव्हता.

"आता तसं होत नाही, सिस्टीमच अडवते" असं काहीजण सांगतात. ते अर्धवट आहे. २००६ पासून लिनक्ससोबत येणारी जीएनयूची आरएम मूळ डिरेक्टरी, म्हणजे अख्खी सिस्टीम जिच्यात असते ती, नुसती तिरपी रेघ देऊन पुसायला सांगितली तर नकार देते. होम फोल्डरसाठी असा अडसर नाही. ज्याला फरक कळतो त्याला त्या ओळीवर हसू येतं. ज्याला कळत नाही, तोच विचारायला आलेला असतो.

गोखले_रोड
ऐरोलीकर, ती फिरकी नव्हे, घातपात होता. त्याच्या बाजूने मी उभा नाही. माझा नियम साधा आहे, ज्या उत्तराने बोट कीबोर्डवर जाईल त्यात मस्करी नाही.

घोडबंदर
मी मात्र फिरकीच्या बाजूने, आणि "सोबत उत्तर द्याच" या अटीच्या विरोधात. विनोदाला लगेच खुलासा जोडला की विनोद मेला.

या क्षेत्राने वेडगळ कल्पनांना जी उत्तरं दिलीत ती बघा. इंटरनेट कबुतरांवरून चालेल का? १ एप्रिल १९९० ला डेव्हिड वेट्झमन यांनी यावर रीतसर आरएफसी ११४९ लिहिलं. डेटा बारीक कागदाच्या गुंडाळीवर छापायचा, गुंडाळी कबुतराच्या पायाला बांधायची, पोचल्यावर कागद स्कॅन करायचा. आणि २००१ च्या एप्रिलमध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्सवाल्यांनी ते करून दाखवलं! नऊ पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवली, उत्तरं आली चारांची. सगळ्यात लवकरचं उत्तर त्रेपन्न मिनिटांनी, सगळ्यात उशिराचं पावणेदोन तासांनी. आमच्या इमारतीत प्रत्येक गॅलरीला कबुतरांची जाळी आहे, त्यामुळे आमच्याकडे शंभर टक्के पॅकेट लॉस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होतो. पॅकेट हरवतं म्हणजे काय, वेळ लागणं वेगळं आणि एका फेरीत किती माल जातो ते वेगळं, हे मला त्या कबुतरांनी शिकवलं. कुणी खुलासा केला नव्हता.

नेरुळकरीण
घोडबंदर, कबुतरं मलाही प्रिय आहेत. पण तिथे हसू कुणावर आलं? प्रश्न विचारणारा समोर बसून झाकण मिटत नव्हता. शिवाय त्या कागदात गुंडाळी पायाला कशी बांधायची, चिकटपट्टी कुठली इथपर्यंत सगळं उत्तर आहे. मी तेच मागतेय.

आणि गोखले रोडवाले दादा, रांगेत चार-पाच दिवस थांबतो हे तुम्हाला ठाऊक होतं. मग तेवढं वाक्य मावशींना का नाही सांगितलंत?

विष्णुनगर
मी निवृत्त शिक्षक, त्यामुळे बावळट प्रश्नांचा अनुभव तुमच्यापेक्षा थोडा जास्त. आकडेमोडीचं यंत्र आखणाऱ्या चार्ल्स बॅबेज यांनी १८६४ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की ब्रिटिश संसदेच्या सभासदांनी त्यांना दोनदा विचारलं, यंत्रात चुकीचे आकडे घातले तर बरोबर उत्तरं येतील का? असा प्रश्न कोणत्या गोंधळातून सुचत असेल हेच मला उमगत नाही, असं बॅबेज म्हणतात. दीडशे वर्षं लोक त्या सभासदांना हसताहेत. पण आज मी फोनवर घाईत "वशी स्टेशन" टाइप केलं तरी नकाशा मला वाशीलाच नेतो. चुकीचं घातलं, बरोबर आलं. उत्तर देणाऱ्याला आपल्या यंत्राची हद्द ठाऊक असते. विचारणाऱ्याला ती ठाऊक नसते, म्हणून तो हद्दीपलीकडचं विचारतो. वर्गात असा प्रश्न आला की मी खडू खाली ठेवायचो.

कळवा_फास्ट
मास्तर, तुमच्या वर्गात पन्नास मुलं होती, पण तुम्हाला पगार होता. इथे सगळे फुकट वेळ देतात. दिवसभर महापेला नोकरी, मग ट्रान्सहार्बर लोकलने लोंबकळत घरी, आणि वर उत्तर देतानाचा सूर कसा असावा याचेही नियम? उद्या कोणी उत्तरच देणार नाही. मला विचाराल तर गप्प राहण्यापेक्षा फिरकी बरी.

नेरुळकरीण
कळवा, थकवा मान्य. मीही दर बुधवारी ज्येष्ठांच्या वर्गाला तेच ते सांगते. पण तिथूनच एक उदाहरण देते. एका काकांनी विचारलं, "माझा कॉम्प्युटर ६४ बिट आहे, मग सिस्टीम३२ नावाचं फोल्डर काढून टाकलं तर चालेल ना?" या फोल्डरवरून किती जणांना फसवलं गेलंय हे सगळ्यांना माहीत आहे, विंडोज त्यानंतर उठतच नाही. पण काकांचा तर्क बघा, बिनचूक आहे. चुकीचं आहे ते नाव. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टीम३२ मध्ये ६४ बिटच्या फाइली असतात, आणि ३२ बिटच्या फाइली असतात सिसवाव६४ नावाच्या फोल्डरमध्ये. जुन्या प्रोग्रॅममध्ये जुनं नाव पक्कं लिहिलेलं होतं, ते मोडू नयेत म्हणून नाव तसंच ठेवलं. हे सांगितल्यावर काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. आम्ही सगळेच हसलो, आणि हसू विंडोजचं झालं.

गोखले_रोड
हे चांगलं आहे. हे मी दुकानात वापरणार.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. बैठकीत हशा नसेल तर मी वाशीला सुद्धा येणार नाही, नेरुळ लांबच. मात्र त्या वाक्याचं तुम्ही विचारलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सगळे हसत होते, मला ते पुरलं. मावशींना माझा नंबर द्या.

नेरुळकरीण
काल त्यांच्याकडे गेले होते. मेल सर्व्हरवर राहतो हे सांगितलं, उंबरठा खरा कधी तेही सांगितलं. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, "मग हा लॅपटॉप भंगारात दिला तरी माझे मेल राहतील. पण ते भंगारवाल्यालाही दिसतील का?"

गोखले_रोड
दिसू शकतात. ब्राउझरमध्ये खातं उघडं राहिलं असेल तर लॅपटॉप चालू करणाऱ्या कुणालाही मेल वाचता येतील. त्यांना सांगा, आधी फोनवरून खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन त्या लॅपटॉपमधून बाहेर पडायचं, मग डिस्क पुसायची. नुसतं डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली तर मजकूर डिस्कवर राहू शकतो. तो परत कसा निघतो ते त्यांना समोर करून दाखवतो. रविवारी लॅपटॉप आणायला सांगा, चार्जरसकट.