विक्रीतील पहिला क्रमांक हा गाण्याचा दर्जा मानावा काय?

धानकरी (साकोली):
कोजागिरीच्या रात्री आमच्या वाचनालयात एका तरुणाने ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ऐकवले, तेव्हा एका गुरुजींनी ‘हा गोंगाट लोकांना आवडतो तरी कसा?’ असे विचारले. माझे उत्तर आकड्यांत आहे. ऑक्टोबर १९७५ च्या अखेरीस निघालेली ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये सलग ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. रेडिओवर तीनेक मिनिटांची गाणी चालत असताना हे गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे होते, त्याला ध्रुवपद नाही, मध्येच ऑपेरा सुरू होतो आणि मग गिटारचा कल्लोळ उठतो. तरीही लोकांनी पदरचे पैसे मोजून ती तबकडी घेतली. पैसे मोजणारा श्रोता समीक्षकापेक्षा प्रामाणिक असतो, असे माझे मत आहे. (गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे कळल्यावर गुरुजी थोडे नरमले, पण तो मुद्दा वेगळा.)

खंजिरी (तिवसा):
धानकरीभाऊ, आपण १९७५ सांगितले आणि १९९१ गाळले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी गेला, त्यानंतर तेच गाणे पुन्हा बाजारात आले आणि आणखी ५ आठवडे अव्वल राहिले. त्यातला एकही सूर बदललेला नव्हता. त्या वेळी लोकांनी गाणे विकत घेतले की गायकाला निरोप दिला? शिवाय मिळणारे पैसे एड्सविषयी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला जाणार होते, म्हणून घेणारेही असतीलच. अमेरिकेत हे गाणे १९७६ मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या यादीत ९ व्या क्रमांकावर अडले आणि १९९२ मध्ये, ‘वेन्स वर्ल्ड’ या चित्रपटातील मोटारीत बसून ते गाणाऱ्या पोरांचे दृश्य गाजल्यावर, २ ऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. गाणे तेच आणि क्रमांक तीन तऱ्हेचे, तर मग हा क्रमांक गाण्याचा कसा? आमच्याकडे तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर घरोघरी म्हटली जातात. त्यांचा क्रमांक कोणी लावला नाही, म्हणून ती कमी ठरत नाहीत.

झाडीवाला (वडसा):
खंजिरीताई, विक्रीला इतके तुच्छ लेखू नये. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात, दिवाळीनंतर मंडईच्या (गावजत्रेच्या) निमित्ताने रात्रभर नाटके चालतात आणि धान विकून आलेला शेतकरी कोणत्या मंडपाचे तिकीट काढतो, यावर त्या कंपनीला पुढच्या गावची तारीख मिळणार की नाही, हे ठरते. निरोपाचा मुद्दा १९९१ ला लागू पडतो, हे मान्य. पण १९७५ मध्ये कोणी मेले नव्हते आणि ९ आठवडे नुसत्या कुतूहलावर निघत नाहीत.

कोरी कॅसेट (पुसद):
दोघेही यादीवर भांडत आहात, पण त्या यादीत आपली गणना कुठे होती? तेव्हाची ब्रिटिश यादी तिथल्या निवडक दुकानांच्या विक्रीनोंदींवरून तयार होत असे. मी हे गाणे नागपूरहून आलेल्या मित्राच्या कॅसेटवरून उतरवून घेतले आणि माझ्याकडून आणखी चौघांनी घेतले. ऐकणारे सहा, विक्री एक. आणि ती एकही त्या यादीत नाही.

धानकरी:
हे पटले, यादी म्हणजे सारे जग नव्हे. पण मागणी यादीच्या आधी निर्माण झाली होती, हेही लक्षात घ्यावे. तबकडी बाजारात येण्यापूर्वीच केनी एव्हरेट या निवेदकाने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर दोन दिवसांत हे गाणे १४ वेळा वाजवले आणि लोक दुकानांत विचारणा करू लागले.

खंजिरी:
म्हणजे श्रेय निवेदकाला जाते! लग्नाच्या मांडवात एकच गाणे १४ वेळा वाजले, तर तेही सगळ्या गावाला पाठ होते.

धानकरी:
पाठ होते, ताई. पण दुसऱ्या दिवशी त्याची कॅसेट आणायला आपण तालुक्याला जातो काय?