चित्रावरून गाणं मराठीत कसं लिहायचं?

पूर्वभागवाला:
आम्ही चौघं सोलापुरात बँड चालवतो. टायटस अँड्रॉनिकस या अमेरिकन इंडी बँडच्या २००८ च्या पहिल्या अल्बममध्ये सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रूगेल याच्या इकारसच्या चित्रावर (इकारस म्हणजे ग्रीक गोष्टीतला, मेणाच्या पंखांनी उडता उडता समुद्रात पडलेला पोरगा) एक गाणं आहे, ते ऐकल्यापासून दुसरं काही सुचतच नाहीये. त्याच चित्रावर ऑडन या इंग्रज कवीची १९३८ ची कविता पण आहे, तीही वाचली. मला मराठीत असं काहीतरी करायचंय पण लिहायला बसलो की नुसतं चित्राचं वर्णन होतं, समुद्र आहे, जहाज आहे, शेतकरी नांगरतोय... गाणं कुठंय यात?

शाईचा डाग:
वर्णन सोड आधी. ब्रूगेलनं घेतलेली गोष्ट ओविड या रोमन कवीची, त्यात नांगरणारा, मेंढपाळ आणि मासे धरणारा हे तिघंही उडणाऱ्या पोराकडं तोंडात बोट घालून बघतात. ब्रूगेलनं तेच तिघं घेतले पण एकालाही त्याच्याकडं बघू दिलं नाही, पोराचे फक्त पाय उजव्या कोपऱ्यात पाण्याबाहेर दिसतात, शोधावे लागतात! म्हणजे त्यानंही चित्र काढताना गोष्ट बदललीच की. तू काय बदलणार ते आधी ठरव, शब्द नंतर.

मंगळवारपेठ बास:
आपल्या सोलापूरचेच संत शुभराय महाराज बघ ना, पदं पण रचायचे आणि चित्रं पण काढायचे, एकाच माणसाच्या हातात दोन्ही. आणि ड्रमला यंत्रमागाची खटखट घे बे, लहानपणापासून तीच ऐकत झोपलोय आपण.

पूर्वभागवाला:
मागाचं वाचलं आणि अंगावर काटा आला. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात होते. एकदा बाजूच्या मागावरचे काका छातीत कळ येऊन तिथंच खाली बसले, दोघांनी उचलून रिक्षात घातलं, बाकीचे माग चालूच, कारण मजुरी नगावर, माग थांबला की पैसे थांबले. काका दवाखान्यात पोचलेच नाहीत. वडिलांनी त्या दिवशीचा माल पूर्ण करून दिला आणि घरी येऊन जेवले नाहीत.

शाईचा डाग:
हेच लिही. सगळे म्हणतात त्या शेतकऱ्याला काही पडलेलं नाही, मला ते कधीच पटलं नाही, त्याला संध्याकाळपर्यंत रान उरकायचंय. तुझं गाणं त्याच्या तोंडून येऊ दे. इकारसचं नाव पण घेऊ नको.

मंगळवारपेठ बास:
कडव्यात फक्त बास आणि खटखट, गिटार एकदम रिक्षा सुटल्यावर. उद्या साडेनऊला ये, वही घेऊन.

पूर्वभागवाला:
पहिली ओळ झाली. "धोटा थांबला नाही, मी पण नाही."